सोळा जागा आणि एक निबंध

२९ जून २०२३ ला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हार्वर्ड आणि नॉर्थ कॅरोलायना या दोन विद्यापीठांची वंश विचारात घेणारी प्रवेशपद्धत बेकायदा ठरवली. ‘अमेरिकेतलं आरक्षण संपलं’ असा त्याचा अर्थ आपल्याकडे सहज लावला जातो. तो चूक आहे. आपण ज्याला आरक्षण म्हणतो, म्हणजे ठरावीक जागा बाजूला काढून ठेवणं, ते तिथल्या विद्यापीठांतून १९७८ मध्येच बाद झालं होतं. २०२३ मध्ये गेलं ते वेगळंच.

डेव्हिसचं मेडिकल कॉलेज

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या मेडिकल कॉलेजात शंभर जागा होत्या. त्यांतल्या सोळा अल्पसंख्य वंशांच्या विद्यार्थ्यांसाठी राखीव. तिशी ओलांडलेला अ‍ॅलन बाकी हा गोरा इंजिनिअर १९७३ आणि १९७४ असा दोनदा नाकारला गेला आणि कोर्टात गेला. सर्वोच्च न्यायालयातल्या नऊ न्यायमूर्तींपैकी चार एका बाजूला, चार दुसऱ्या. मधे उरले लुईस पॉवेल, आणि पुढची पंचेचाळीस वर्षं त्यांच्या एकट्याच्या मतावर चालली.

पॉवेल म्हणाले, राखीव जागा नकोत. पण प्रवेश देताना अनेक बाबींपैकी एक म्हणून वंश पाहायला हरकत नाही. कशासाठी? समाजाने केलेल्या जुन्या अन्यायाची भरपाई म्हणून नव्हे, ते विद्यापीठाचं काम नाही. वर्गात तऱ्हेतऱ्हेची मुलं असली की सगळ्यांचंच शिक्षण चांगलं होतं, म्हणून. न्यायाचं दार लावून घेतलं आणि विविधतेची खिडकी किलकिली ठेवली. मला यातच सगळी गोम दिसते. कृष्णवर्णीय मुलाला प्रवेश का द्यायचा, तर त्याचा शेजारच्या बाकावरच्या मुलाला उपयोग होतो म्हणून!

मिशिगनचे वीस गुण

मिशिगन विद्यापीठाने हा विचार आकड्यांत मांडला. पदवीच्या प्रवेशासाठी १५० गुणांची पट्टी. शंभर मिळाले की प्रवेश जवळपास नक्की. कृष्णवर्णीय, हिस्पॅनिक किंवा मूळनिवासी अमेरिकन असाल तर वीस गुण. एसएटी परीक्षेत पैकीच्या पैकी मिळवले तर बारा. आईवडील त्याच विद्यापीठात शिकले असतील तर चार. २००३ मध्ये न्यायालयाने ही पट्टी ६ विरुद्ध ३ मतांनी रद्द केली. त्याच दिवशी त्याच विद्यापीठाच्या विधी महाविद्यालयाची पद्धत मात्र ५ विरुद्ध ४ मतांनी तरली, कारण तिथे गुण न मांडता प्रत्येक अर्ज ‘समग्रपणे’ पाहिला जात असे. थोडक्यात, कागदावर मांडलेलं बेकायदा आणि मनात धरलेलं कायदेशीर. पट्टीच्या निकालात अल्पमतात असलेल्या न्यायमूर्ती रूथ बेडर गिन्सबर्ग यांनीही, लपूनछपून करण्यापेक्षा उघड केलेलं बरं, असंच सुचवलं होतं. विधी महाविद्यालयाचा निकाल लिहिणाऱ्या सँड्रा डे ओ’कॉनर यांनी अपेक्षा व्यक्त केली होती की पंचवीस वर्षांनी याची गरज उरणार नाही. प्रत्यक्षात वीसच वर्षं मिळाली.

घटनेत काय लिहिलंय

आपल्याकडे हाच पेच १९५१ मध्ये आला होता. चंपकम दोराईराजन खटल्यात मद्रास सरकारची जातवार जागावाटणी सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली; काही आठवड्यांतच संसदेने पहिली घटनादुरुस्ती करून मागासवर्गांसाठी खास तरतुदींची मुभा देणारं १५(४) हे कलम घातलं. त्यामुळे आपले वाद किती टक्के आणि कोणाला यावर होतात. अमेरिकेत असं कलम नाही. तिथे आहे १८६८ ची चौदावी दुरुस्ती, सर्वांना कायद्याचं समान संरक्षण देणारी. ती आली गुलामीतून सुटलेल्यांसाठी. आता तिच्याच आधारे दाद मागितली जाते ती वंश पाहणाऱ्या प्रवेशांविरुद्ध.

‘आशियाई’ नावाची चौकट

२०२३ चे दोन्ही खटले वंश पाहणाऱ्या प्रवेशांविरुद्ध लढणाऱ्या एडवर्ड ब्लम यांच्या संघटनेने भरले होते. हार्वर्डवर आरोप होता आशियाई वंशाच्या अर्जदारांना डावलल्याचा. अभ्यासात पुढे असलेल्या या मुलांना ‘व्यक्तिमत्त्वा’च्या श्रेणीत मात्र सरासरीने कमी दिलं जात होतं, हे सुनावणीत दिसलं. सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्‌स यांनी पॉवेल यांच्या खिडकीवरच बोट ठेवलं: विविधता पुरेशी झाली हे मोजायचं कसं? आणि दक्षिण आशियाई, पूर्व आशियाई सगळे एकाच ‘आशियाई’ चौकटीत कसे? न्यायाचा मुद्दा आधीच बाहेर ठेवलेला असल्याने विद्यापीठांपाशी पटेल असं उत्तर नव्हतं.

माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना मिळणारं झुकतं माप मात्र या निकालाने जागचं हललं नाही. हार्वर्डच्याच खटल्यातल्या आकडेवारीप्रमाणे, प्रवेश मिळालेल्या गोऱ्या विद्यार्थ्यांपैकी ४३ टक्क्यांहून अधिक जण खेळाडू, माजी विद्यार्थ्यांची मुलं, कर्मचाऱ्यांची मुलं किंवा डीनच्या खास यादीतले होते.

त्या आशियाई चौकटीच्या आत आपली जातही आहे, पण फॉर्मवर ती दिसत नाही. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये ज्या देशात शिकायला गेले, तिथल्या ब्रँडाइस विद्यापीठाने २०१९ मध्ये भेदभावविरोधी धोरणात जातीचा समावेश केला. कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीने जानेवारी २०२२ मध्ये तेच केलं. राज्यभरासाठीचं विधेयक मात्र ऑक्टोबर २०२३ मध्ये गव्हर्नर गॅव्हिन न्यूसम यांनी परत पाठवलं. आधीच्या कायद्यांतच हे येतं, असं त्यांचं कारण.

साडेसहाशे शब्द

निकालानंतर ‘कॉमन अ‍ॅप’ या सामाईक अर्जातली वंशाची माहिती प्रवेश पाहणाऱ्यांपासून झाकायची सोय झाली. उरला निबंध, जास्तीत जास्त ६५० शब्दांचा. वंशामुळे आपल्या आयुष्यात काय घडलं हे अर्जदाराने लिहावं आणि विद्यापीठाने ते विचारात घ्यावं, अशी मुभा रॉबर्ट्‌स यांनी दिली. पण मागच्या दाराने जुनीच पद्धत आणू नका, असंही बजावलं.

२०२४ च्या पहिल्या तुकडीत एमआयटीमधले कृष्णवर्णीय विद्यार्थी सुमारे १३ टक्क्यांवरून ५ वर आले, आशियाई ४० वरून ४७ वर गेले. अ‍ॅमहर्स्ट कॉलेजात कृष्णवर्णीय ११ वरून ३ टक्क्यांवर. येल आणि प्रिन्स्टनमध्ये कृष्णवर्णीयांच्या प्रमाणात मात्र फारसा फरक पडला नाही, आणि तिथेच निकाल पाळला जात नसल्याची शंका ब्लम यांच्या संघटनेला आली.

दरम्यान टेक्सासने १ जानेवारी २०२४ पासून सरकारी विद्यापीठांतली विविधता-समावेशन कार्यालयं बंद केली. जुलै २०२५ मध्ये केंद्रीय न्याय खात्याच्या सूचनापत्राने, अर्जदाराला ‘जगलेला अनुभव’ लिहायला सांगणं हीसुद्धा वंश पाहण्याची आडवाट ठरू शकते, असा इशारा दिला. पुढच्याच महिन्यात विद्यापीठांकडून अर्जदारांची वंशवार आकडेवारी मागवण्याचा आदेश निघाला. म्हणजे न्यू जर्सीतली सतरा वर्षांची मराठी मुलगी आजीच्या खानावळीबद्दल काही लिहील, तर ते वाचताना प्रवेश अधिकाऱ्याच्या शेजारी आता विद्यापीठाचा वकीलही बसलेला असेल.