कॅनडातली डफरीन गच्ची

सोलापूरला डफरीन चौक आहे, डफरीन दवाखाना पण आहे. त्याच नावाची एक गच्ची दूर कॅनडा देशात आहे. ती थोड्यांनाच माहीत असेल, म्हणून मी लिहितो.

कॅनडात क्वेबेक हे जुने शहर आहे. १६०८ साली शांप्लेन ह्या फ्रेंच माणसाने ते वसविले. खालून सेंट लॉरेन्स नदी वाहते. तिथल्या मूळ लोकांच्या भाषेत क्वेबेक म्हणजे नदी अरुंद होते ती जागा. अरुंद म्हणजे किती, तर सुमारे एक किलोमीटर! आमची सीना त्यात कितीदा मावेल.

नदीकाठच्या उंच कड्यावर गव्हर्नरचा वाडा होता. तिथून नदी झकास दिसे, पण ती वाड्यातल्यांनाच. साध्या माणसाला आत कोण सोडणार? १८३४ साली वाडा जळाला. मग १८३८ साली लॉर्ड डरहॅमने त्या जागेवर लाकडी गच्ची बांधविली व ती लोकांना फिरायला खुली झाली. पुढे लॉर्ड डफरीनच्या वेळी ती खूप लांब करायचे ठरले. १८७९ साली काम पुरे झाले. आता ती ४०० मीटरहून लांब आहे आणि अजूनही फळ्यांचीच आहे. हिवाळ्यात तिथे बर्फाची घसरगुंडी करतात. बिनचाकाच्या गाडीवर बसायचे की सुसाट खाली! ही गंमत १८८४ पासून चालू आहे. मला हेच सगळ्यांत आवडले.

२००५ ते २००७ मध्ये फळ्या काढून खाली खणले, तेव्हा जुन्या वाड्याच्या भिंती सापडल्या.

हेच डफरीन १८८४ ते १८८८ हिंदुस्थानचे व्हॉइसरॉय होते. त्यांच्या बाईंनी १८८५ साली बायकांच्या औषधपाण्यासाठी निधी काढला, म्हणून ठिकठिकाणच्या दवाखान्यांना डफरीन नाव पडले.

पण त्यांचे मोठे काम मला दुसरेच वाटते. क्वेबेकला तट आहे. रस्ते अरुंद पडतात म्हणून लोक तो पाडायला निघाले होते, वेशी तर पाडल्याच होत्या. डफरीन म्हणाले, तट ठेवा, वेशी रुंद करून पुन्हा बांधा. म्हणून तट राहिला. तो साडेचार किलोमीटर आहे. १९८५ साली युनेस्कोने ते जुने शहर जागतिक वारशात घेतले.

आमच्या गावालाही वेस होती. तिचे दगड कोणाच्या गोठ्यात, कोणाच्या पायरीला गेले. एकावर कमळ कोरले आहे. त्यावर आता विहिरीपाशी बाया धुणे धुतात.