नेटवर्क बॅकअपमधील दोषनिवारण (युनिक्स व लिनक्स सर्व्हर)

नेटवर्क बॅकअपमधील दोषनिवारण म्हणजे एका संगणकावरील माहितीची राखीव प्रत नेटवर्कमार्फत दुसऱ्या संगणकावर साठवण्याच्या कामात येणारे अडथळे शोधून ते दूर करणे होय. बँका, रुग्णालये, विद्यापीठे आणि शासकीय कार्यालये यांच्या नोंदी फार मोठ्या प्रमाणावर युनिक्स किंवा लिनक्स प्रणालीच्या सर्व्हरांवर असल्याने या विषयाला व्यावहारिक महत्त्व आहे. बॅकअपचे अपयश दोन प्रकारचे असते. पहिल्या प्रकारात प्रणाली स्वतःच त्रुटी कळवते; तिचा अर्थ लावता आला की उपाय सापडतो. दुसऱ्या प्रकारात प्रणाली 'काम यशस्वी' असा अहवाल देते, पण हवी ती माहिती प्रतीत नसते. दोषनिवारणाची पुस्तके बहुधा पहिल्या प्रकाराने भरलेली असली, तरी मोठे नुकसान दुसऱ्या प्रकाराने होते.

== पार्श्वभूमी ==

युनिक्सवर प्रत घेण्याची जुनी साधने, उदाहरणार्थ 'टार' आणि 'डम्प', एका यंत्राला जोडलेल्या चुंबकीय फितीसाठी होती. टार हे नावच 'टेप आर्काइव्ह' या शब्दांचा संक्षेप आहे. कार्यालयांत अनेक यंत्रे एकमेकांना जोडली गेली, तेव्हा प्रत्येकाला स्वतंत्र फितयंत्र देण्याऐवजी सर्वांची प्रत एका जागी घेणारे सॉफ्टवेअर आवश्यक झाले. अमेरिकेतील मेरिलँड विद्यापीठात तयार झालेले 'अमांडा' हे त्यांपैकी एक. 'बॅक्युला' या मुक्त सॉफ्टवेअरचे काम २००० साली सुरू झाले. रात्री येऊन रक्त शोषणाऱ्या ड्रॅक्युलावरून केलेली ही नावाची कोटी आहे. 'आरसिंक' १९९६ मध्ये आले. ते मूलतः दोन ठिकाणच्या फाइली जुळवणारे साधन असले, तरी असंख्य लहान कार्यालयांचा बॅकअप आजही त्याच्यावरच चालतो.

व्यावसायिक क्षेत्रात 'नेटबॅकअप' हे नाव सर्वपरिचित आहे. त्याचा उगम १९८७ साली क्रायस्लर या मोटार कंपनीसाठी सुरू झालेल्या कामात आहे. पुढे ते कंट्रोल डेटा, ओपनव्हिजन, १९९७ मध्ये व्हेरिटास आणि २००५ मध्ये सिमँटेक यांच्याकडे गेले. २०१६ मध्ये व्हेरिटास पुन्हा स्वतंत्र झाली आणि २०२४ च्या अखेरीस तिचा हा व्यवसाय कोहेसिटीत विलीन झाला. ही वंशावळ केवळ इतिहासप्रेमींसाठी नाही. नेटबॅकअपच्या अनेक आज्ञांची नावे 'बीपी' या अक्षरांनी सुरू होतात, कारण एके काळी उत्पादनाचे नाव 'बॅकअपप्लस' होते. आणि ते युनिक्सवर '/यूएसआर/ओपनव्ही' या निर्देशिकेत बसवले जाते, कारण मधला मालक ओपनव्हिजन होता. ही दोन नावे कुठून आली हे ठाऊक असले, की नवशिक्याचा गोंधळ बराच कमी होतो.

या क्षेत्राशी पुण्याचा निकटचा संबंध आहे. व्हेरिटास आणि नंतर सिमँटेक यांचे मोठे अभियांत्रिकी केंद्र पुण्यात होते. व्हेरिटासमध्ये पूर्वी काम केलेल्या अभियंत्यांनी २००८ साली पुण्यातच 'द्रुवा' ही बॅकअप क्षेत्रातील कंपनी स्थापन केली.

== रचना ==

बहुतेक नेटवर्क बॅकअप प्रणालींत तीन भूमिका असतात. कोणत्या यंत्राची प्रत केव्हा घ्यायची हे ठरवणारा मुख्य सर्व्हर, प्रत्यक्ष प्रत साठवणारा साठवण-सर्व्हर आणि ज्याची प्रत घ्यायची तो क्लायंट. येथे 'क्लायंट' हा शब्द फसवा आहे: बँकेचा मुख्य डेटाबेस सर्व्हरदेखील बॅकअप प्रणालीच्या दृष्टीने क्लायंटच असतो.

उदाहरणादाखल एका काल्पनिक पतसंस्थेचा विचार करू. तिचे मुख्य कार्यालय सोलापुरात आणि शाखा बार्शी, पंढरपूर व अक्कलकोट येथे आहेत. रात्री सोलापूरचा मुख्य सर्व्हर बार्शीच्या सर्व्हरला 'प्रत पाठव' असे सांगतो. बार्शीचा सर्व्हर मात्र माहिती मुख्य सर्व्हरला न पाठवता थेट साठवण-सर्व्हरला पाठवतो. म्हणजे संपर्क एका दिशेने सुरू होतो आणि माहिती दुसऱ्याच वाटेने वाहते. हे लक्षात न घेतल्यामुळे बॅक्युलामध्ये एक नेहमीची चूक होते. साठवण-सर्व्हरचा पत्ता 'लोकलहोस्ट' असा लिहिला जातो. मुख्य सर्व्हर आणि साठवण-सर्व्हर एकाच यंत्रावर असल्याने मुख्य सर्व्हरला तो पत्ता बरोबरच वाटतो. पण तोच पत्ता बार्शीला कळवला जातो आणि बार्शीचा सर्व्हर स्वतःमध्येच साठवण शोधू लागतो.

== निदानाचा क्रम ==

त्रुटी दिसताच सॉफ्टवेअर पुन्हा बसवणे हा सर्वांत लोकप्रिय आणि सर्वांत निरुपयोगी उपाय आहे. नेटबॅकअप प्रत्येक कामाच्या अखेरीस एक स्थितिक्रमांक देते. तो आधी वाचावा. ० म्हणजे पूर्ण यश, १ म्हणजे अंशतः यश. ४८ म्हणजे क्लायंटचे नाव सापडले नाही, ५८ म्हणजे क्लायंटशी जोडणी झाली नाही, ५९ म्हणजे क्लायंटने सर्व्हरला प्रवेश नाकारला, ८४ म्हणजे साठवण माध्यमावर लिहिता आले नाही आणि १९६ म्हणजे ठरलेली वेळ संपल्याने काम सुरूच झाले नाही. यांतील ४८, ५८ आणि ५९ यांचा क्रम बोधप्रद आहे. माणसाचे नाव माहीत नसणे, त्याचे दार बंद असणे आणि दार उघडून त्याने 'तुम्हाला ओळखत नाही' म्हणणे या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांची तपासणीही त्याच क्रमाने करावी.

'''नाव.''' मुख्य सर्व्हरवरून क्लायंटच्या नावाचा पत्ता मिळतो का आणि त्या पत्त्यावरून उलट तेच नाव मिळते का, हे दोन्ही बाजूंच्या यंत्रांवर पाहावे. एकाच बाजूची तपासणी अपुरी असते. डेबियन आणि तिच्यापासून निघालेल्या लिनक्स प्रणालींत '/ईटीसी/होस्ट्स' या फाइलमध्ये यंत्राचे स्वतःचे नाव पुष्कळदा १२७.०.१.१ या अंतर्गत पत्त्याशी जोडलेले असते. असे यंत्र स्वतःचा पत्ता विचारले असता बाहेरून न पोहोचता येणारा पत्ता सांगते. नेटबॅकअपमध्ये या तपासणीसाठी 'बीपीसीएलएनटीसीएमडी' ही आज्ञा आहे.

'''दार.''' 'पिंग'ला उत्तर आले म्हणजे जोडणी ठीक आहे, असे समजू नये. पिंग फक्त यंत्र जागे आहे एवढेच सांगते. अग्निभिंतीने बॅकअपचा पोर्ट अडवलेला असू शकतो. नेटबॅकअप मुख्यतः १५५६ आणि १३७२४ हे पोर्ट वापरते, तर बॅक्युलाचे तीन घटक अनुक्रमे ९१०१, ९१०२ आणि ९१०३ या पोर्टांवर ऐकतात. ज्या यंत्राकडून जोडणी सुरू होते, त्याच यंत्रावर बसून पोर्टची चाचणी घ्यावी.

'''ओळख.''' ५९ हा क्रमांक आल्यास क्लायंटवरील 'बीपी.कॉन्फ' या फाइलमध्ये मुख्य सर्व्हरचे नाव आहे का ते पाहावे. सर्व्हर बदलला पण क्लायंटवरील यादी जुनीच राहिली, असे वारंवार घडते. नेटबॅकअपच्या ८.१ या आवृत्तीपासून प्रत्येक यंत्राला सुरक्षा-प्रमाणपत्रही लागते. त्यामुळे घड्याळ फार चुकलेल्या यंत्राचे प्रमाणपत्र वैध असूनही अमान्य ठरू शकते.

'''वेळ.''' भाड्याने घेतलेल्या क्लाउड सर्व्हरांचे घड्याळ बहुधा जागतिक प्रमाणवेळेवर लावलेले असते. तेथे पहाटे २ वाजता लावलेले काम भारतीय वेळेनुसार सकाळी ७:३० ला सुरू होते आणि शाखा उघडेपर्यंत चालत राहते. 'रोज सकाळी संगणक मंद चालतात' या तक्रारीचे मूळ कधी कधी येथे असते.

वेळेशी संबंधित दुसरा दोष अधिक चकवणारा आहे. रविवारची संपूर्ण प्रत व्यवस्थित होते, पण रोजची फक्त बदललेल्या फाइलींची प्रत मध्येच तुटते. काम लहान असून तेच का तुटावे, हे प्रथम कळत नाही. कारण असे, की लाखो फाइलींतून बदललेल्या फाइली शोधताना क्लायंट बराच काळ काहीच पाठवत नाही. मधली अग्निभिंत ती शांत जोडणी मृत समजून तोडते. लिनक्स अशा शांत जोडणीवर 'मी आहे' असा संकेत पाठवते खरे, परंतु मूळ मांडणीत पहिल्या संकेतापूर्वी ७२०० सेकंद, म्हणजे २ तास, थांबते. हा काळ अग्निभिंतीच्या मर्यादेपेक्षा कमी केला की दोष जातो. नेटबॅकअपचा सर्व्हरही क्लायंटच्या उत्तरासाठी मुळात ३०० सेकंदच थांबतो. ती मर्यादा वाढवता येते.

'''जागा.''' साठवण भरली की काम थांबते, हे उघड आहे. कमी उघड असे, की डिस्कवर जागा शिल्लक असूनही आयनोड संपल्यास नवी फाइल तयार होत नाही. म्हणून 'डीएफ' ही आज्ञा 'आय' या पर्यायासहही चालवून पाहावी. दोष शोधण्यासाठी वाढवलेल्या तपशीलवार नोंदीच कधी कधी डिस्क भरून टाकतात. याउलट, नेटबॅकअपच्या जुन्या पद्धतीच्या नोंदी त्यांची निर्देशिका अगोदर तयार केलेली असेल तरच लिहिल्या जातात. नोंद रिकामी आहे याचा अर्थ दोष नाही, असा होत नाही.

== यशस्वी दिसणारे अपयश ==

वरील पतसंस्थेने सर्व्हरला नवी डिस्क जोडून ती '/डेटा' येथे लावली, असे समजू. बॅकअपच्या यादीत फक्त '/' आहे, म्हणजे वरकरणी सर्व काही. परंतु अनेक प्रणाली एका फाइलप्रणालीतून दुसरीत आपोआप शिरत नाहीत. बॅक्युलाची मूळ मांडणी तशीच आहे. नेटबॅकअपमध्ये त्यासाठी वेगळा पर्याय निवडावा लागतो. आरसिंकला 'एक्स' हा पर्याय दिला असल्यास तेही थांबते. परिणामी कार्यप्रणालीची प्रत रोज होते, ठेवीदारांच्या खात्यांची होत नाही आणि अहवालात ० हा क्रमांक येत राहतो. डिस्क वाढूनही बॅकअपचा आकार वाढला नाही, ही या दोषाची जवळपास एकमेव खूण आहे. म्हणून स्थितिक्रमांकाबरोबर प्रतीचा आकार आणि फाइलींची संख्याही नोंदवून ठेवावी.

१ या क्रमांकाकडे 'थोडेसे राहिले' म्हणून दुर्लक्ष करण्याची सवय तितकीच घातक आहे. एनएफएसने जोडलेल्या निर्देशिकांत सर्व्हर क्लायंटच्या रूट वापरकर्त्याला सामान्य अनोळखी वापरकर्ता मानतो, त्यामुळे खाजगी फाइली वाचताच येत नाहीत. राहिलेली ती एक फाइल कोणती, हे पाहिल्याशिवाय अंशतः यशाला यश म्हणता येत नाही. चालू डेटाबेसच्या फाइलींची सरळ नक्कल हाही याच वर्गातील दोष आहे: नक्कल होत असतानाच फाइली बदलत असल्याने प्रत आतून विसंगत होते. डेटाबेसच्या स्वतःच्या साधनाने प्रत काढून मग ती नेटवर्कवरून न्यावी.

== देवनागरी फाइलनावे ==

मराठी कार्यालयांना एक खास अडचण येते. यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते आणि काना, मात्रा, वेलांटी ही स्वतंत्र चिन्हे धरली जातात. 'सोलापूर' या चार अक्षरी शब्दात अशी ७ चिन्हे, म्हणजे २१ बाइट होतात. लिनक्सच्या प्रचलित ईएक्सटी४ फाइलप्रणालीत नावाची मर्यादा २५५ बाइट आहे. देवनागरीत ती ८५ चिन्हांवर संपते. टारच्या जुन्या स्वरूपात नावासाठी १०० बाइटचेच मुख्य घर होते. 'वार्षिक सर्वसाधारण सभा इतिवृत्त' यासारखी नावे या मर्यादेत सहज अडकतात. यूटीएफ-८ पूर्वीच्या काळातील फाइलनावे नव्या प्रणालीला अवैध वाटतात आणि बॅकअपच्या यादीत त्यांच्या जागी प्रश्नचिन्हे दिसतात. काही साधने अशी फाइल वगळून पुढे जातात. चाचणीसाठी एक लांब देवनागरी नावाची फाइल मुद्दाम ठेवून ती परत मिळते का, हे पाहणे उपयुक्त ठरते.

== गाजलेल्या घटना ==

३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या संकेतस्थळावर एका अभियंत्याकडून मुख्य डेटाबेसची निर्देशिका चुकून पुसली गेली. रोजची प्रत शोधली तेव्हा तिची जागा रिकामी निघाली. प्रत घेणारे साधन डेटाबेसपेक्षा जुन्या आवृत्तीचे असल्याने प्रत्येक वेळी बंद पडत होते. त्याचे इशारे ईमेलने जात होते, पण स्वाक्षरीच्या नियमात न बसल्यामुळे ते ईमेल नाकारले जात होते. सुमारे ६ तासांपूर्वी वेगळ्या कारणासाठी घेतलेली एक प्रत हाती लागल्याने नुकसान तेवढ्यावर निभावले. कंपनीने हा सारा तपशील स्वतःहून प्रसिद्ध केला, त्यामुळे तो अभ्यासासाठी उपलब्ध झाला.

डिसेंबर २०२१ मध्ये जपानच्या क्योटो विद्यापीठात बॅकअपच्या स्क्रिप्टनेच सुमारे ७७ टेराबाइट माहिती पुसली. जुन्या नोंदी पुसणारी स्क्रिप्ट चालू असतानाच तिची नवी आवृत्ती तिच्यावर लिहिली गेली. बॅश हा आज्ञावाचक स्क्रिप्ट एकदम न वाचता चालता चालता वाचतो. त्यामुळे मधूनच नवा मजकूर सुरू झाला आणि निर्देशिकेचे नाव धारण करणारे चल रिकामे राहिले.

महाराष्ट्रात मार्च २०२१ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या संगणकप्रणालीवर खंडणीखोर सॉफ्टवेअरचा हल्ला होऊन मुख्यालय व प्रादेशिक कार्यालयांचे काम ठप्प झाले. बॅकअपच्या फाइली नेटवर्कच्या वेगळ्या भागात असल्याने त्यांना बाधा झाली नाही, असे महामंडळाने त्या वेळी कळवले. नेटवर्कवरून सहज पोहोचता येणारी प्रत हल्लेखोरालाही तितक्याच सहज पोहोचते. म्हणून निदान एक प्रत जोडणी तोडून किंवा पुसता न येणाऱ्या स्वरूपात ठेवतात.

== पुनःस्थापनेची चाचणी ==

माहिती वेगळ्या, रिकाम्या यंत्रावर परत मिळवून पाहणे ही बॅकअपची खरी तपासणी होय. अशा पहिल्याच चाचणीत काही ठरावीक दोष उघडे पडतात. नेटबॅकअप एका क्लायंटची प्रत दुसऱ्या क्लायंटने परत मागितल्यास मूळ मांडणीत नकार देते. त्याची परवानगी मुख्य सर्व्हरवर आधीच द्यावी लागते. प्रतींची सूची ज्या सर्व्हरवर आहे तोच जळाला, तर फिती शाबूत असूनही कोणत्या फितीत काय आहे हे कळत नाही. म्हणून सूचीची प्रत स्वतंत्र ठेवतात. सांकेतिक प्रतीची किल्ली त्याच सर्व्हरवर असेल, तर तिचा उपयोग शून्य. शेवटी फाइलींची मालकी: टार मूळतः वापरकर्त्याच्या नावावरून मालक ठरवते आणि नव्या यंत्रावर त्याच नावाला वेगळा क्रमांक असू शकतो. अशा वेळी 'न्यूमरिक-ओनर' हा पर्याय वापरून क्रमांक जसेच्या तसे परत आणतात आणि डेटाबेस सुरू करण्यापूर्वी त्याच्या निर्देशिकेचा मालक तपासून घेतात.