पाऊल उचलण्याआधी : हौशी हातांनी घडलेली चालती यंत्रे

चाकाचा शोध लागून पाच हजारांहून अधिक वर्षे लोटली. त्या चाकावर मानवाने बैलगाडी हाकली, रथ दौडवले, आगगाडी धाववली. पाय मात्र त्याला परवा-परवापर्यंत यंत्रात उतरवता आले नव्हते. याचे कारण साधे आहे. चाक जमिनीला कधी सोडत नाही. पायाला चालायचे तर जमीन सोडावीच लागते. पाऊल उचलले गेले की शरीराचा एक आधार नाहीसा होतो आणि उरलेल्या आधारावर सगळा भार तोलून धरावा लागतो. वर्षाच्या आतबाहेरचे मूल भिंत धरून उभे राहते, पडते, पुन्हा उठते, तेव्हा ते हेच गणित शरीराने सोडवत असते.

हेच गणित आज देशोदेशींची हौशी माणसे घरच्या टेबलावर सोडवत आहेत. दोन, चार वा सहा पायांचे, तळहाताएवढे किंवा फार तर पाटाएवढे रोबो ती स्वतः जोडतात आणि चालवतात. प्रस्तुत लेखात ही यंत्रे कशी चालतात, त्यांची विद्या कोठून आली आणि आपल्या मुला-मुलींच्या हाती ती कोणत्या स्वरूपात पडावी, याचा विचार आम्ही मांडणार आहोत. आमचा विषय इतिहास. तेव्हा आरंभ इतिहासापासून करणे ओघानेच आले.

इ.स. १८७८ हे वर्ष या विषयात दोन घटनांसाठी लक्षात ठेवण्याजोगे आहे. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील पालो आल्टो येथे एडवर्ड मायब्रिज या छायाचित्रकाराने धावपट्टीच्या कडेला ओळीने बारा कॅमेरे मांडून दौडत्या घोड्याची लागोपाठ छायाचित्रे घेतली. भरधाव घोड्याचे चारही पाय एखाद्या क्षणी जमिनीपासून सुटलेले असतात काय, हा नुसत्या डोळ्यांनी न सुटणारा वाद त्या छायाचित्रांनी मिटवला. त्याच वर्षी पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात पाफनूती चेबिशेव या रशियन गणितज्ञाचे चालते यंत्र लोकांनी पाहिले. त्यातील दांड्यांची जोडणी अशी होती की, फिरत्या दांड्याची वर्तुळाकार गती पावलापाशी जवळजवळ सरळ रेषेत बदलावी. यंत्र चालले, परंतु त्याची चाल त्या दांड्यांमध्ये कायमची बांधलेली होती. वाटेत खडा आला तर पाऊल बदलण्याची सोय त्यात नव्हती.

पुढे १९६०च्या दशकात जनरल इलेक्ट्रिक या कंपनीत राल्फ मोशर यांनी अमेरिकी लष्करासाठी चार पायांचे अवाढव्य यंत्र बांधले. आत बसलेला चालक आपल्या हातांनी यंत्राचे पुढचे आणि पायांनी मागचे पाय हलवी. चारही पायांचे भान एकाच वेळी ठेवताना तो थोड्याच अवधीत थकून जाई. यंत्राला पाय लाभले होते, तोल सांभाळणारा मेंदू मात्र अजून माणसाचाच होता. १९७३ साली जपानच्या वासेदा विद्यापीठात इचिरो काटो यांच्या चमूने 'वाबोट-१' हा संगणकाच्या साहाय्याने दोन पायांवर चालणारा यंत्रमानव घडवला. ही सारी कामे मोठ्या प्रयोगशाळांची आणि मोठ्या निधीची होती.

या परंपरेला वेगळे वळण मिळाले ते १९८०च्या दशकाच्या अखेरीस. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत रॉडनी ब्रुक्स यांनी 'जेंगिस' नावाचा सहा पायांचा रोबो तयार केला. त्याचे वजन अवघे एक किलोच्या आसपास आणि लांबी ३५ सेंटिमीटर. त्याच्या बारा सांध्यांना बसवलेल्या मोटारी कोणत्याही खास कारखान्यातून आलेल्या नव्हत्या. छंद म्हणून छोटी विमाने उडवणारी मंडळी वापरतात त्याच त्या सर्वो मोटारी होत्या. हौशी लोकांच्या खोक्यातील वस्तू प्रयोगशाळेने उचलली आणि तिच्यावर शास्त्र उभे केले. २००५ साली याची जणू परतफेड झाली. इटलीतील इव्रेआ या गावच्या एका संस्थेत, इलेक्ट्रॉनिक्स न शिकलेल्या विद्यार्थ्यांनाही वापरता यावे म्हणून 'आर्डुइनो' हे छोटे नियंत्रक पटल तयार करण्यात आले. त्याचे आराखडे निर्मात्यांनी सर्वांसाठी खुले ठेवले. मोटार हौशी जगात होतीच. आता तिला स्वस्त मेंदूही मिळाला.

आता या दोन वस्तूंची ओळख करून घेऊ. सर्वो म्हणजे एका डबीत नांदणाऱ्या चार वस्तू : लहान मोटार, तिचा वेग कमी करून जोर वाढवणारे गिअर, फिरत्या दांड्याचा कोन सांगणारा पोटेन्शिओमीटर आणि या सर्वांवर देखरेख करणारे छोटे सर्किट. जुन्या रेडिओच्या आवाजाच्या बटणामागे असतो तोच हा पोटेन्शिओमीटर. सर्वोला तीन तारा असतात. दोन विजेसाठी आणि तिसरी आज्ञेसाठी. आज्ञेच्या तारेतून दर २० मिलिसेकंदांनी एक विद्युत-स्पंद येतो. तो १.५ मिलिसेकंद टिकला तर दांडा मध्यावर येतो. १ मिलिसेकंदाचा असेल तर एका अंगाला आणि २ मिलिसेकंदांचा असेल तर दुसऱ्या अंगाला वळतो. सर्किट सतत विचारत राहते, 'सांगितलेला कोन कोणता आणि प्रत्यक्ष कोन कोणता?' दोहोंत अंतर असेल तोवर मोटार फिरते, अंतर मिटले की थांबते.

मायक्रोकंट्रोलर हा एकाच चकतीवर मावलेला अल्पसा संगणक होय. आर्डुइनो ऊनो या पटलावरील चकतीत कार्यक्रम साठवण्यासाठी ३२ किलोबाइट आणि चालू हिशेबासाठी केवळ २ किलोबाइट स्मृती असते. आजच्या मोबाइलपुढे ही स्मृती नगण्य वाटेल. तथापि जेंगिसच्या अंगावरील सर्व चकत्या मिळून चालू हिशेबासाठी सुमारे एकच किलोबाइट होते, हे ध्यानात घेतले म्हणजे चालण्यासाठी अफाट संगणकशक्ती लागते हा समज गळून पडतो.

मग लागते काय? पहिली गोष्ट तोल. जमिनीवर टेकलेली पावले रेषेने जोडली असता जी आकृती होते, तिच्या आत शरीराचा गुरुत्वमध्य राहिला तर यंत्र उभे राहते. बाहेर गेला की कलंडते. सहा पायांचा रोबो म्हणूनच नवशिक्याला सोपा जातो. मुंगी किंवा झुरळ चालते तसे तो एका बाजूचे पुढचे व मागचे आणि दुसऱ्या बाजूचे मधले, असे तीन पाय टेकवून उरलेले तीन उचलतो. तिपाई कधी डुगडुगत नाही, तद्वत हा रोबो प्रत्येक पावलाला तिपाईवर उभा असतो. चार पायांच्या रोबोने एकच पाय उचलला तर त्यालाही तिपाई मिळते. मात्र आधी त्याला आपले अंग उरलेल्या तीन पावलांच्या त्रिकोणात झुकवावे लागते. दोन पायांच्या रोबोला एका पावलाएवढीच जागा उरते. 'ओटो' या खुल्या आराखड्याच्या छोट्या रोबोत चारच सर्वो असतात, दोन कमरेशी आणि दोन घोट्यांशी, आणि त्याची पावले शरीराच्या मानाने मोठी असतात, ती याचसाठी. पाऊल उचलण्याआधी भार दुसऱ्या पायावर गेलाच पाहिजे, हा नियम तिन्ही प्रकारांत समान आहे.

दुसरी गोष्ट जोर. बाजारात सर्वाधिक मिळणारा एसजी-९० हा सर्वो ९ ग्रॅम वजनाचा असतो. त्याचा कमाल जोर ४.८ व्होल्टला सुमारे १.८ किलोग्रॅम-सेंटिमीटर, म्हणजे दांड्यापासून १ सेंटिमीटरवर १.८ किलो किंवा ६ सेंटिमीटरवर ३०० ग्रॅम वजन लटकावले की तो जागीच अडतो. समजा, आपला चार पायांचा रोबो ६०० ग्रॅमचा आहे आणि प्रत्येक पाऊल सांध्यापासून आडव्या दिशेने ६ सेंटिमीटर दूर पडते. एक पाय उचलल्यावर उरलेल्या तिघांवर साधारण २०० ग्रॅम प्रत्येकी येतात. जोर लागतो १.२. काम भागते. दोन पाय एकदम उचलून दुडकी चाल धरली तर दोघांवर ३०० ग्रॅम प्रत्येकी येतात. जोर लागतो १.८. म्हणजे नेमक्या त्याच ठिकाणी मोटार अडते आणि रोबो गुडघे टेकतो. यावर दणकट मोटारी बसवाव्यात असे कोणालाही सुचेल. परंतु धातूच्या गिअरची मोठी सर्वो सुमारे ५५ ग्रॅमची असते. अशा बारा बसवल्या तर केवळ मोटारींचेच वजन ६६० ग्रॅम होते, म्हणजे मूळच्या अख्ख्या रोबोहून अधिक! पाय आखूड करणे, पावले अंगाखाली घेणे, अनावश्यक वजन काढणे हे उपाय अधिक शहाणपणाचे ठरतात.

तिसरी गोष्ट भूमिती. पाऊल कोठे ठेवायचे हे आपण ठरवतो. सर्वोला मात्र फक्त कोन कळतो. मांडी ६ सेंटिमीटर, पोटरी ८ सेंटिमीटर आणि पाऊल कमरेच्या सांध्यापासून १० सेंटिमीटरवर हवे असेल, तर गुडघ्याचा कोन किती ठेवावा? ६, ८ आणि १० या बाजूंचा त्रिकोण काटकोनी असतो, तेव्हा उत्तर ९० अंश. अंतर १४ सेंटिमीटर केले की पाय सरळ होतो. त्यापलीकडे तो पोचूच शकत नाही. मधल्या प्रत्येक अंतरासाठी त्रिकोणमितीतील कोसाइनचा नियम कामी येतो. फळ्यावर ज्याचा उपयोग काय असे विद्यार्थी विचारतात, तो नियम येथे पाय होऊन टेबलावर चालतो.

चौथी गोष्ट वीज. नवशिक्यांची सर्वाधिक फसगत येथेच होते. रोबो एक पाऊल उचलतो, थरथरतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. माणूस कार्यक्रमातील चूक शोधत बसतो. दोष बहुधा वीजपुरवठ्यात असतो. जोर लावताना प्रत्येक सर्वो काहीशे मिलिअँपिअर ओढतो. संगणकाचे साधे यूएसबी मुख ५०० मिलिअँपिअरच्या हिशेबाने बनवलेले असते. व्होल्टता खाली येते आणि मायक्रोकंट्रोलर मूर्च्छा आल्यागत थांबून पुन्हा जागा होतो. सर्वोंना स्वतंत्र बॅटरी द्यावी आणि तिची ऋण तार पटलाच्या ऋण तारेशी जोडावी, हा त्यावरचा उपाय. लिथियम बॅटरी वापरायची झाल्यास ती योग्य चार्जरनेच भारावी, भारताना तिला एकटी सोडू नये आणि फुगलेली बॅटरी पुन्हा वापरू नये. पालकांनी याकडे जातीने लक्ष द्यावे.

हे सामान आपल्यापासून दूर नाही. मुंबईचा लॅमिंग्टन रोड आणि पुण्याच्या बुधवार पेठेतील तापकीर गल्ली येथे ते मिळते. पुणे जिल्ह्यातील पाबळ या गावी १९८३ साली डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी स्थापन केलेल्या विज्ञान आश्रमात हाताने काम करता करता शिकण्याची पद्धती रुजली. एमआयटीच्या पुढाकाराने जगभर निघालेल्या 'फॅब लॅब' या कार्यशाळांपैकी अगदी आरंभीची एक तेथेच सुरू झाली. केंद्र शासनाच्या अटल टिंकरिंग लॅब योजनेतून अनेक शाळांत आर्डुइनो आणि त्रिमितीय छपाईयंत्र पोचले आहे.

मात्र सामान पोचणे आणि विद्या पोचणे या भिन्न गोष्टी आहेत. तयार संच मिळतो. स्क्रू आवळायचे, आयता कार्यक्रम भरायचा, रोबो नाचतो, पाहुणे टाळ्या वाजवतात आणि आठ दिवसांनी तो कपाटात जातो. त्या मुलाला पाय ६ सेंटिमीटरचाच का, हे कोणी विचारलेले नसते. आपल्या देशात हाताने घडवणारा आणि ग्रंथ वाचणारा यांच्यामध्ये शतकानुशतके भिंत उभी राहिली. लोहार-सुतारांची विद्या वहीत उतरली नाही आणि वहीतील गणित भात्यापाशी पोचले नाही. चालता रोबो ही भिंत मानत नाही. नुसते गणित येणाऱ्याचा सांधा ढिला राहतो आणि नुसता हात चालणाऱ्याचा रोबो दुडक्या चालीला गुडघे टेकतो.

म्हणून पालकांना आमचे सांगणे असे की, एकदम बारा सर्वोंचा संच आणू नये. दोन सर्वो, एक आर्डुइनो, स्वतंत्र बॅटरी, पट्टी, कोनमापक आणि एक वही एवढ्यावर एक पाय उभा राहतो. पाऊल कोठे पडेल हे मुलाने आधी वहीत लिहावे, मग मोटार फिरवून मोजावे आणि फरक का पडला ते खाली नोंदवावे. आपले अनेक माजी विद्यार्थी आज फिटर, वायरमन, अभियंते आहेत. महिन्यातून एका रविवारी त्यांनी मुलांजवळ बसून तार सोलणे, झाळणे आणि मोजणे एवढे जरी दाखवले, तरी त्या एका पायाला पुढच्या वर्षी तीन जोडीदार मिळतील.