शब्द राहतात, चाल हरवते

लकव्याचा झटका येऊन गेला की वाचा शाबूत आहे का, हात-पाय किती हलतात, हे घरचेही पाहतात आणि डॉक्टरही. नेहमीचा हरिपाठ रुग्णाला हरिपाठासारखा ऐकू येतो का, हे सहसा कोणी विचारत नाही. चाल ओळखणं हे कानाचं किंवा एकंदर स्मरणशक्तीचं काम, अशी आपली समजूत असते. मेंदूच्या इजांचा अभ्यास मात्र सांगतो की ही क्षमता बरीचशी स्वतंत्र आहे. ती एकटीच बिघडू शकते आणि बाकी पुष्कळ गेलं तरी टिकूही शकते.

मॉन्ट्रियलच्या इझाबेल पेरेत्झ आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये अशा रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातल्या एका बाईच्या दोन्ही कानशिलांच्या आतला मेंदूचा भाग दुखावला होता. तिला बोलणं कळे, गाण्याचे शब्द ओळखता येत. पण आयुष्यभर ऐकलेली चाल शब्दांवाचून वाजवली की ती परकी. कान बिघडला म्हणावं, तर त्याच कानांनी ती संभाषण करत होती. शब्द सोपे आणि सूर अवघड, म्हणून अवघड ते आधी गेलं, असंही कोणी म्हणेल. तसं असतं तर उलटा रुग्ण सापडला नसता. रशियन संगीतकार विसारिओन शेबालिन यांना १९५३ आणि १९५९ मध्ये झटके आले. बोलणं आणि दुसऱ्याचं समजणं दोन्ही जड झालं, तरी १९६२ मध्ये त्यांनी पाचवी सिंफनी रचली. एकेकट्या रुग्णावरून प्रमाण काढता येत नाही, हे खरं. पण दोन क्षमता सुट्या होऊ शकतात एवढं दाखवायला अशी परस्परविरुद्ध उदाहरणं पुरतात.

आपल्याकडे अडतं ते तपासणीपाशी. संगीताची जाण तपासणारी पेरेत्झ यांच्या गटाची २००३ची चाचणी पाश्चात्त्य स्वररचनेवर बेतलेली आहे. चाकूरच्या भजनात उभा जन्म गेलेल्या टाळकऱ्याला ती लावली, तर नापास रुग्ण झाला की चाचणी, हेच कळणार नाही. त्याला त्याच्याच चाली ऐकवायला हव्यात. पेटीवर ओळखीच्या अभंगाची चाल वाजवावी आणि मध्येच एक सूर मुद्दाम चुकवावा. वाचा गेलेला माणूसही मान हलवून 'चुकलं' सांगू शकतो. अभंगाचं नाव मात्र विचारू नये, कारण नाव न सुचणं हा भाषेचा दोष असू शकतो. मग तोच अभंग चालीविना वाचावा आणि शेवटी पखवाजाचा ठेका बदलून पाहावा; सूर आणि लय यांचं नुकसानही वेगवेगळं होतं. आधी त्याची जाण कितपत होती, हे मंडळातले सोबती सांगतील. झटक्यानंतर भजन नकोसं झालं की घरचे त्याला उदासी समजतात. कधी ते खरंही असेल. पण चाल नुसत्या गोंगाटासारखी ऐकू येत असेल, तर समजूत घालून काय उपयोग?