पेरॉक्साइड हाताळताना

प्लास्टिक आणि रेझिनच्या कारखान्यांत रासायनिक अभिक्रिया सुरू करून देण्यासाठी सेंद्रिय पेरॉक्साइडे वापरतात. त्यांच्या रेणूतील दोन ऑक्सिजन अणूंमधला बंध कमकुवत असतो. तो तुटला की उष्णता निघते, आणि त्या उष्णतेने विघटन आणखी वेग घेते. २३ मे २०२४ रोजी डोंबिवली एमआयडीसीत पेरॉक्साइडे हाताळणाऱ्या अमुदान केमिकल्समध्ये रिअ‍ॅक्टरचा स्फोट झाला; आजूबाजूच्या इमारतींच्याही काचा फुटल्या. त्याच वसाहतीत २६ मे २०१६ रोजी प्रोबेस कंपनीत भीषण स्फोट झाला होता. माणसे राहतात तिथून हे कारखाने हाकेच्या अंतरावर आहेत, हे फार गंभीर आहे.

साठा ठरलेल्या तापमानाखालीच ठेवावा लागतो. बेंझॉइल पेरॉक्साइडची भुकटी कोरडी पडू देत नाहीत, पाण्याने ओलसर ठेवतात. गंजाचा कणही विघटनाला चालना देतो, म्हणून डब्यातून काढलेला माल उरला तरी परत त्यात टाकायचा नसतो. फायबरग्लासच्या छोट्या गाळ्यांतला हार्डनर हेही पेरॉक्साइडच. तो कोबाल्टच्या अ‍ॅक्सिलरेटरमध्ये थेट ओतल्यास भडका उडतो. आधी एक रेझिनमध्ये पूर्ण ढवळून मगच दुसरा घालतात. रिअ‍ॅक्टरला थंड पाण्याची पर्यायी सोय आणि दाब वाढताच फुटणारी चकती हवीच.