चवळीवरील मावा व त्याचे शत्रु

नोकरींत असतां पीकपाहणीच्या कागदांवर मीं चवळीची नोंद पुष्कळदां केली; शेंडा न्याहाळून मात्र कधीं पाहिला नाहीं. निवृत्तीनंतर घरची लागवड हातीं घेतली तेव्हां शेंड्यांवर व कोंवळ्या शेंगांवर काळा मावा दिसला, आणि त्यांतच नारिंगी ठिपक्यांच्या काळसर अळ्या फिरतांना दिसल्या. त्याच पीक खातात असें समजून मीं त्या वेंचून चिरडविल्या व वर विषारी औषध फवारलें. पंधरा दिवसांत मावा पूर्वीपेक्षां जास्त झाला!

त्या अळ्या ढालकिड्याच्या होत्या. एकेक अळी वाढ पुरी होईपर्यंत शेंकडों मावा फस्त करिते. पानांवर पुंजक्यानें उभीं घातलेलीं पिवळीं अंडीं त्याचींच. मावा फुगून भुरा व कडक झालेला आढळल्यास त्याच्या पोटांत एक बारीक परोपजीवी माशी वाढत आहे असें जाणावें; तसे शेंडे खुडूं नयेत. माव्याची मादी नरावांचून जिवंत पिलें प्रसवते, व तींहि आठवड्याभरांत प्रसवूं लागतात. ढालकिड्याची पिढी पुरी होण्यास मात्र तीन-चार आठवडे लागतात. फवाऱ्यानंतर कोण आधीं परततो, हें यावरून वाचकांस कळेल.

मुंगळ्यांवरहि नजर असावी. माव्याच्या गोड चिकट रसासाठीं ते त्याची राखण करितात व ढालकिड्यांस हुसकावितात.

पुढील हंगामीं मीं आठवड्यांतून दोनदां शेंडे पाहिले. ढालकिडे होते तेथें हात लाविला नाहीं; नव्हते तेथें ५ टक्के निंबोळी अर्क दिला. तो दोनच सऱ्यांस लागला.