हिममध्यातील नोंदवही

ग्रीनलँड हे जगातील सर्वांत मोठे बेट. नावात हिरवळ असली, तरी ह्या बेटाचा बहुतेक भाग बर्फाने झाकलेला आहे. किनाऱ्याजवळच्या अरुंद पट्टीत तेवढी माणसांची वस्ती. तेथून आत गेले, की चढत चढत जाणारे पांढरे पठार लागते आणि शेकडो किलोमीटर त्याला अंत नसतो. झाड नाही, खडक नाही, पक्षीही क्वचितच.

हे पठार ओलांडणारे धाडसी प्रवासी पूर्वीही होऊन गेले होते. परंतु ते उन्हाळ्यात गेले आणि भराभर पुढे निघून गेले. ऐन हिवाळ्यात पठाराच्या मध्यभागी थंडी किती पडते? वर्षाला तेथे हिम किती साचते? खालचा बर्फ किती जाड आहे? ह्या प्रश्नांची उत्तरे १९३० सालापर्यंत कोणालाच ठाऊक नव्हती. ती मिळवण्याचा मार्ग एकच होता. कोणीतरी तेथे जाऊन वर्षभर राहावयाचे आणि रोज मोजावयाचे.

आल्फ्रेड वेगेनर ह्या जर्मन शास्त्रज्ञांनी हे काम अंगावर घेतले. पृथ्वीवरील खंडे एकेकाळी एकमेकांना जोडलेली होती व पुढे ती दूर सरकली, ही कल्पना मांडणारे वेगेनर ते हेच. १९३० साली त्यांनी ग्रीनलँडवर तीन ठाणी उभारण्याची योजना आखली. एक पश्चिम किनाऱ्याकडे, एक पूर्व किनाऱ्याकडे आणि तिसरे अगदी मध्यभागी. मधले ठाणे पश्चिम किनाऱ्यापासून सुमारे ४०० किलोमीटर आत आणि समुद्रसपाटीपासून सुमारे ३,००० मीटर उंचीवर होते. त्याला त्यांनी 'आइसमिटे' हे नाव दिले. आइसमिटे म्हणजे हिममध्य.

जुलैच्या अखेरीस योहान्नेस गेऑर्गी हे हवामानशास्त्रज्ञ तेथे पोहोचले. त्यांनी उपकरणे मांडली आणि नोंदी सुरू केल्या. सप्टेंबरात एर्न्स्ट झोर्गे त्यांना येऊन मिळाले. बर्फ आणि हिम हा झोर्गे यांच्या अभ्यासाचा विषय. राहण्यासाठी लाकडी घर, भरपूर रॉकेल आणि बिनतारी संदेशयंत्र मागाहून यावयाचे होते. ते आलेच नाही. विमानाच्या इंजिनावर चालणाऱ्या दोन घसरगाड्यांवर मोठी भिस्त होती. त्या मऊ हिमात अडकून पडल्या. कुत्र्यांच्या गाड्यांनी जेवढे आणले तेवढ्यावरच दोघांना भागवायचे होते. तेव्हा त्यांनी किनाऱ्याकडे परतणाऱ्या गाड्यांबरोबर चिठ्ठी धाडली, की २० ऑक्टोबरपर्यंत सामान न आल्यास आम्ही पायी परत निघू.

चिठ्ठी वाचून वेगेनर चिंतेत पडले. त्या थंडीत एवढी मजल पायी मारणे म्हणजे मृत्यूला आमंत्रण देणे होय. २१ सप्टेंबर रोजी फ्रिट्झ लोवे हे सहकारी आणि १३ ग्रीनलँडवासी ह्यांच्यासह, कुत्र्यांच्या १५ गाड्या घेऊन ते स्वतःच निघाले. वाटेत हिमवादळे उठली आणि थंडी वाढत गेली. ग्रीनलँडवासी हिमाचे खरे जाणकार. ह्या ऋतूत पुढे जाणे शहाणपणाचे नाही हे त्यांनी ओळखले आणि त्यांपैकी बाराजण परतले. रास्मुस व्हिलुमसेन हा तरुण तेवढा वेगेनर व लोवे यांच्याबरोबर राहिला. गाड्या कमी झाल्या, तसे सामानही वाटेत टाकावे लागले. शेवटी शून्याखाली ५० अंशांहूनही अधिक थंडीत, चाळीस दिवसांच्या प्रवासानंतर, ३० ऑक्टोबरला हे तिघे आइसमिटेला पोहोचले, ते जवळजवळ रिकाम्या हातांनीच.

तेथे त्यांना काय दिसले? गेऑर्गी आणि झोर्गे निघून गेले नव्हते. त्यांनी घट्ट हिमात गुहा खोदली होती, शिधा व रॉकेल पुन्हा मोजून पाहिले होते आणि काटकसर केली तर हिवाळा निभावेल, असा हिशेब करून राहण्याचे ठरवले होते. परंतु हा निर्णय किनाऱ्यावर कळवणार कसा? संदेशयंत्र नव्हते. एक चिठ्ठी चारशे किलोमीटर गेली, आणि ती रद्द करणारी दुसरी चिठ्ठी जाऊ शकली नाही.

लोवे यांच्या पायांची बोटे गोठून गेली होती. पुढे ती गेऑर्गी यांनी खिशातल्या चाकूने कापून काढली. भूल देण्याचे औषध तेथे कोठले असणार! लोवे यांना प्रवास शक्य नव्हता, आणि पाच माणसांना पुरेल एवढे अन्नही नव्हते. म्हणून १ नोव्हेंबरला, आपल्या पन्नासाव्या वाढदिवशी, वेगेनर हे व्हिलुमसेनला घेऊन किनाऱ्याकडे परत निघाले. बरोबर दोन गाड्या आणि १७ कुत्री होती.

मागे राहिलेल्या तिघांचा हिवाळा त्या गुहेत गेला. बाहेरच्यापेक्षा आत ऊब असली, तरी तेथेही पारा बहुधा शून्याखालीच असे. लोवे महिनोन्महिने झोपण्याच्या पिशवीतच पडून होते. सूर्य कित्येक आठवडे क्षितिजावर आलाच नाही. तरीही दिवसातून तीन वेळा गेऑर्गी अंधारात वर चढून बाहेर जात, उष्णतामापक व वायुभारमापक वाचत, वाऱ्याची दिशा आणि वेग पाहत, आणि परत येऊन आकडे वहीत उतरवत. एवढ्या थंडीत साधा पाऱ्याचा उष्णतामापक निरुपयोगी ठरतो. कारण पारा शून्याखाली ३९ अंशांवर स्वतःच गोठतो. तेथे मद्यार्क भरलेला उष्णतामापक लागतो. त्या हिवाळ्यात त्यावर शून्याखाली ६० अंशांहूनही खालचे आकडे वाचले गेले. एखादी वेळ चुकली असती, तर ती नोंद पुन्हा कधीही मिळाली नसती. गेलेल्या रात्रीची थंडी दुसऱ्या दिवशी मोजता येत नाही.

झोर्गे यांचे काम गुहेच्या आतच चालले होते. त्यांनी तेथून खाली सुमारे १५ मीटर खोल विहीर खणली आणि तिच्या भिंती बारकाईने तपासल्या. वरवर पाहणाऱ्याला हिम सगळीकडे सारखेच पांढरे. परंतु उन्हाळ्यातील हिमाचे कण जाड व थर सैल असतो, तर हिवाळ्यातील हिमाचे कण बारीक व थर वाऱ्याने घट्ट बसलेला असतो. एक सैल आणि एक घट्ट असे दोन थर मिळून एक वर्ष. विहिरीच्या भिंतीवर अशी वर्षे एकाखाली एक रचलेली होती.

केवळ थर मोजून मात्र भागत नाही. हाताच्या ओंजळीतले भुसभुशीत हिम आणि तेवढ्याच आकाराचा घट्ट खडा यांच्यात पाणी सारखे नसते. म्हणून हिमाचा ठराविक मापाचा तुकडा घेऊन त्याचे वजन करावे लागते. त्यावरून घनता कळते, आणि त्या वर्षी किती पाण्याइतके हिम पडले हे काढता येते. झोर्गे यांना असे आढळले, की जसजसे खाली जावे तसतशी घनता ठराविक रीतीने वाढत जाते. वरचे नवे हिम खालच्या जुन्या हिमाला दाबते व त्याचा हळूहळू बर्फ बनतो. दरवर्षी हिम सारखेच पडत असेल आणि हवामान बदलत नसेल, तर अमुक खोलीवरची घनता कायम तीच राहते. ह्या नियमाला पुढे शास्त्रज्ञांनी झोर्गे यांचेच नाव दिले.

मे १९३१ मध्ये किनाऱ्यावरून माणसे येऊन पोहोचली, तेव्हा पहिला प्रश्न दोन्ही बाजूंनी एकच निघाला. वेगेनर कोठे आहेत? हिवाळा कठीण म्हणून ते आइसमिटेलाच थांबले असतील, असे किनाऱ्यावरचे लोक समजत होते. ते केव्हाच किनाऱ्यावर सुखरूप गेले असतील, असे गुहेतले तिघे समजत होते. शोध घेतला, तेव्हा जवळजवळ अर्ध्या वाटेवर हिमात उभे रोवलेले दोन स्की दिसले. त्यांच्याखाली वेगेनर यांचा देह नीट शिवून पुरलेला होता. हे काम व्हिलुमसेनने केले होते. वेगेनर यांची रोजनिशी घेऊन तो पुढे गेला असावा. परंतु तो आणि ती रोजनिशी आजवर सापडलेली नाहीत.

त्यानंतरही काम थांबले नाही. वर्ष पुरे व्हायला अवधी होता, म्हणून गेऑर्गी आइसमिटेलाच राहिले. त्यांच्या नोंदींवरून तेथील वर्षाचे सरासरी तापमान शून्याखाली सुमारे ३० अंश निघाले. त्याच मोहिमेत बर्फाची जाडीही मोजण्यात आली. त्यासाठी बर्फावर सुरुंग उडवीत. त्याचा हादरा खालच्या खडकावर आपटून परत येई. ह्या जाण्यायेण्याला लागलेला वेळ यंत्राने टिपला, की खोली काढता येते. कारण असा हादरा बर्फातून सेकंदाला साडेतीन किलोमीटरांहून अधिक वेगाने जातो. मध्यभागी बर्फ अडीच हजार मीटरांपेक्षा जाड निघाला. म्हणजे वर घुमटासारख्या दिसणाऱ्या ग्रीनलँडची खालची जमीन मध्यभागी वाडग्यासारखी खोलगट आहे.

झोर्गे यांची विहीर १५ मीटर खोल होती. १९६६ साली अमेरिकेच्या कॅम्प सेंच्युरी ह्या ग्रीनलँडमधील ठाण्यावर यंत्राने १,३८७ मीटर खोल छिद्र पाडून तळापर्यंतचा बर्फ दांड्यांच्या रूपाने वर काढण्यात आला. डेन्मार्कचे विली डान्सगार्ड यांनी त्या बर्फातील जड व हलक्या ऑक्सिजनचे प्रमाण मोजून हजारो वर्षांपूर्वीची थंडी-उष्णता पडताळून पाहिली.

आता तर आकाशातून मोजणी चालते. २००२ सालापासून उपग्रहांची जोडी पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणातील सूक्ष्म फरक टिपून ग्रीनलँडचा बर्फ जणू तोलून पाहू लागली. तेव्हापासूनच्या दोन दशकांत तो दरवर्षी सरासरी अडीचशे अब्ज टनांहून अधिक घटत गेल्याचे आढळले. दुसऱ्या प्रकारचे उपग्रह बर्फाच्या पृष्ठभागाची उंची मोजतात. परंतु उंची एक वीत कमी झाली, तर तेवढा बर्फ खरोखर गेला, की वरचे हिम फक्त दबून खाली बसले? हे उपग्रहाला वरून दिसत नाही. त्यासाठी आजही शास्त्रज्ञ ग्रीनलँडवर उतरतात, फावड्याने हिमात खड्डा खणतात, ठराविक मापाचे तुकडे कापतात, ते काट्यावर तोलतात आणि वजन वहीत उतरवून ठेवतात.